कोणत्या गांवचे तुम्ही?

कौंडण्यपुरास वर्धा नदीच्या कांठीं उभें राहिलें म्हणजे पायांखालची भूमि अमरावती जिल्ह्याची व पलीकडचा तीर वर्धा जिल्ह्याचा. येथील अंबिकेच्या देवळांतूनच श्रीकृष्णानें रुक्मिणीस रथांत घेतलें अशी वऱ्हाडाची श्रद्धा आहे. लेक द्वारकेस गेली. पण शेंकडों वर्षें तिची पालखी दर आषाढीस या माहेराहून पंढरपुरास जात आली आहे. मौज अशी कीं, दूर अरुणाचलांतील इदु मिश्मी लोकही रुक्मिणीला आपलीच लेक मानतात. हा वाद पंडितांनीं खुशाल करावा. एका लेकीवर दोन गांवांनीं हक्क सांगावा यांत आम्हांस कांहीं वावगें दिसत नाहीं.

हें सुचण्यास कारण एक चित्रपट. सादिया शेपर्ड या अमेरिकन बाईंनीं २००८ सालीं 'इन सर्च ऑफ द बेने इस्राएल' हा माहितीपट पुरा केला. बाईंचे वडील अमेरिकन ख्रिस्ती, आई पाकिस्तानी मुसलमान. आणि जिच्या मांडीवर त्या वाढल्या ती आजी जन्मानें आपल्या कोंकणांतल्या बेने इस्राएल समाजाची! रेचल जेकब्स हें तिचें माहेरचें नांव लग्नानंतर मागें पडलें. फाळणीनंतर ती कराचीस गेली व पुढें अमेरिकेस. आजीच्या पूर्वजांचा शोध घेण्याचें वचन पाळण्यासाठीं ही नात २००१ सालीं हिंदुस्थानांत आली.

तो समाज तरी कसा! नवगांवाजवळ गलबत फुटून कांठास लागलेल्या सात जोडप्यांची आपण संतति, असें ते सांगतात. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. गांवावरून पेणकर, किहीमकर अशीं आडनांवें, बोली मराठी, आणि एलिया प्रेषिताच्या नांवानें पोहे व नारळ यांचा मलिदा. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं हिब्रूचें व्याकरण मराठींतून लिहिलें, तें यांच्याचसाठीं.

१९४८ नंतर यांतले बहुतेक इस्राएलास गेले. कोंकणांत जे शनिवार पाळणारे म्हणून निराळे दिसत, त्यांच्याच यहुदीपणाविषयीं तेथील धर्माधिकाऱ्यांनीं विवाहाच्या वेळीं शंका काढली. १९६४ सालीं त्यांनीं जेरुसलेमांत निदर्शनें केलीं, तेव्हां कुठें तेथील संसदेनें ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचें जाहीर केलें. आणि एवढें सोसून त्याच देशांत त्यांनीं 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें!

कित्येक म्हणतील, अशा माणसानें एक कांहीं तरी ठरवावें. दोन दरडींवर पाय ठेवूं नये. आमचें मत याच्या उलट आहे. आपण कोण हें ठरविण्यास कागद मागणारे पुष्कळ भेटतात. परंतु मलिदा करणाऱ्या हातांस कागदाची गरज पडली नाहीं. शेपर्डबाईंचा शोध आम्हांस आवडला तो याचसाठीं, कीं आजी एका धर्माची कीं दुसऱ्या, असा निवाडा करण्याची घाई त्यांस नाहीं. त्या पाहतात, ऐकतात, विचारतात.

आपल्या शाळेंत मात्र नवें मूल आलें कीं "तूं मूळचा कुठला?" हा प्रश्न पुष्कळदां हिणविण्यासाठींच विचारला जातो, ही गोष्ट आम्हांस लपवितां येत नाहीं. मेळघाटांतून आलेल्या मुलाच्या बोलीस हंसणारा विद्यार्थी उद्यां पुण्यास गेला म्हणजे त्याच्या वऱ्हाडीस तेथें हंसतात. आईबापांनींही याचा विचार करावा.

आणि परकें उदाहरण तरी कशाला? लग्नांत तांदळांवर नवें नांव लिहून सुनेचें जुनें नांव पुसण्याची चाल आपल्याच घरांतली. रेचलचें नांव गेलें म्हणून हळहळणाऱ्या आपणांपैकीं किती जणांस आपल्या आजीचें माहेरचें नांव ठाऊक आहे? आम्हांस नव्हतें. गेल्या सुटींत विचारलें, तेव्हां ती बराच वेळ सूप पाखडीत राहिली. मग म्हणाली, "आतां कायले पाह्यजे थे नांव?" आणि सूप खालीं ठेवून तिनें तें सांगितलें, त्याबरोबर नदीपलीकडच्या आपल्या गांवचें, तेथल्या विहिरीचें आणि पाठच्या भावाचेंही नांव सांगितलें.