जखमेचा लिलाव

अपघाताची बातमी वाचून आपण क्षणभर हळहळतो आणि पान उलटतो. अमेरिकेत मात्र त्या अपघातातील जखमी माणसाकडे कोणाचे तरी डोळे लागलेले असतात. अपघातग्रस्तांचे भरपाईचे दावे लढवणाऱ्या वकिलांच्या मोठमोठ्या पेढ्या तेथे आहेत आणि डिजिटल मार्केटिंगसाठी त्यांनी माणसे नोकरीस ठेवली आहेत. जखमी माणूस इंटरनेटवर वकील शोधू लागला की पहिले नाव आपल्या पेढीचे दिसावे, हे पाहणे त्यांचे काम.

हे पहिले नाव फुकट मिळत नाही. गूगलवर कोणी शब्द टाकताच जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो आणि जाहिरातीवर बोट पडले की पेढीला पैसे मोजावे लागतात. मेसोथेलिओमा हा ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा कर्करोग. कारखान्यांत आणि जहाजबांधणीच्या गोद्यांत राबलेल्या कामगारांचा हा रोग. पण त्याचे नाव या लिलावातील सर्वांत महाग शब्दांपैकी एक म्हणून वर्षानुवर्षे गणले गेले आहे. धुळीपासून कामगाराला वाचवण्यासाठी ज्यांनी पैसा खर्च केला नाही, त्यांच्याच व्यवस्थेत त्याच्या रोगाच्या नावावर बोली लागते! २०१८ साली तर रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात बसलेल्या रुग्णांच्या मोबाइलवर, केवळ ते तेथे आहेत म्हणून, वकिलांच्या जाहिराती धाडल्या जात असल्याचे उघड झाले.

तथापि, या व्यवसायाचा धिक्कार करून मोकळे होणे न्याय्य ठरणार नाही. १९७७ पूर्वी अमेरिकेतील वकिलांना जाहिरातीची बंदी होती. ॲरिझोनातील दोन तरुण वकिलांनी माफक फीचे दरपत्रक वर्तमानपत्रात छापले, त्यांच्यावर कारवाई झाली आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी मोडीत काढली. सामान्य माणसाला वकील कोठे व कितीला मिळतो हे कळलेच पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद खोटा नव्हता. दावा जिंकला तर भरपाईतील साधारण तिसरा हिस्सा, हरला तर फी नाही, या तेथील रिवाजामुळे खिशात दमडी नसलेला कामगारही कंपनीला न्यायालयात खेचू शकला. अशाच हजारो दाव्यांच्या भाराखाली जॉन्स-मॅनव्हिल या बलाढ्य ॲस्बेस्टॉस कंपनीला १९८२ साली दिवाळखोरीचा आश्रय घ्यावा लागला.

मग दोष कोठे आहे? दोष असा की, जखमी माणसाचा हक्क तेथे बाजाराच्या गणितावर सोडलेला आहे. ज्याला धडक देणाऱ्याचा विमा मोठा, त्याची जखम मोलाची; ज्याला धडक देणारा कफल्लक, त्याच्या तुटलेल्या पायाला गिऱ्हाईक नाही. शिवाय लिलावाचा खर्च निघतो तो शेवटी जखमींच्या भरपाईतून कापलेल्या हिश्शातूनच. जाहिरात हे लक्षण आहे, रोग नव्हे.

याला पर्याय नाही असे कोणी म्हणू नये. न्यूझीलंडने १९७४ पासून अपघातातील इजेची भरपाई ही समाजाची जबाबदारी मानली. चूक कोणाची हे न विचारता उपचार आणि बुडालेल्या मजुरीचा मोठा भाग तेथे सार्वजनिक निधीतून मिळतो. त्या बदल्यात इजेच्या भरपाईसाठी दावा लावण्याचा हक्क नागरिकांनी सोडला. जेथे हक्क आपोआप मिळतो, तेथे जखमेवर बोली कोण लावणार?

आपल्याकडे वकिलांना जाहिरातीची व भरपाईत हिस्सा घेण्याची मनाई आहे. म्हणून आपण निर्धास्त राहावे काय? जाहिरातीची जागा येथे रुग्णालयाच्या दारातील दलालाने घेतली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. पण हे किती घरांना ठाऊक आहे? अज्ञान असते तेथेच दलाल पोसला जातो.

म्हणून अपघातग्रस्ताच्या खाटेपाशी दलालाच्या आधी कार्यकर्ता पोचला पाहिजे. हक्काची माहिती विकत घ्यावी लागू नये आणि भरपाई नशिबावर अवलंबून राहू नये, या दोन मागण्यांसाठी आपणास झगडावे लागेल. पहिलीची सुरुवात तर आजच, आपल्याच वस्तीतून करता येईल.