वेठीचा विसर : चित्रपटांतील 'यंत्रमानव' आणि आपली समीक्षा

चित्रपटांतील यंत्रमानवाविषयी आपल्याकडे जेव्हा गांभीर्याने लिहिले जाते, तेव्हा ते लेखन बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : माणूसपण म्हणजे काय? यंत्राला मन असू शकेल काय, त्याला प्रेम करता येईल काय, ते आपल्यावर मात करील काय, हे त्याचेच पोटप्रश्न. या प्रश्नांना तत्त्वचिंतनाची प्रतिष्ठा आहे, हे मान्य. परंतु ज्या चित्रपटांच्या निमित्ताने ते विचारले जातात, त्यांत यंत्रमानव प्रत्यक्षात काय करताना दिसतो, ही अगदी प्राथमिक गोष्ट मात्र सहसा नोंदवली जात नाही. तो स्वयंपाक करतो, घर झाडतो, मुले सांभाळतो, म्हाताऱ्या माणसाला वेळेवर औषध देतो. तो घरगडी असतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, दैनंदिन जीवनात वावरणाऱ्या यंत्रमानवाच्या चित्रपटांचा मूळ विषय चाकरी हा आहे. चित्रपट हा विषय झाकतात, आणि आपली समीक्षा त्या झाकाझाकीला तात्त्विक परिभाषा पुरवते.

या विस्मरणाची सुरुवात शब्दापासूनच झाली आहे. 'रोबोट' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या 'आर. यू. आर.' या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला. तो त्याला त्याचा भाऊ योसेफ याने सुचवला होता. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळांनी सक्तीने करावयाचे काम. या अर्थाचा शब्द मराठीला परका नाही : वेठ. या शब्दामागे मराठी समाजाचा केवढा इतिहास उभा आहे, हे वेगळे सांगावयास नको. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, त्यामागे महार वतनाने लादलेल्या राबणुकीचाच प्रश्न होता. आणि भारतीय संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली आहे. असा जिवंत प्रतिशब्द हाताशी असताना आपल्या भाषेने 'यंत्रमानव' हा शब्द घडवला. या शब्दात यंत्र आहे, मानव आहे. काम तेवढे नाही. वास्तविक चापेकच्या नाटकातील रोबोट हे धातूचे यंत्रही नव्हते, ते कारखान्यात कृत्रिम जीवद्रव्यापासून घडवलेले कामगार होते. 'यंत्रमानव' म्हटले की माणूस आणि यंत्र यांच्या सीमारेषेचा प्रश्न आपोआप पुढे येतो. 'वेठ्या' म्हटले असते, तर पहिला प्रश्न 'कोणाचा?' असा आला असता.

फ्रिट्झ लांगच्या 'मेट्रोपोलिस' (१९२७) या मूकपटात हा दुसरा प्रश्न अद्याप उघड्यावर आहे. जमिनीखाली राबणारे कामगार, त्यांच्या श्रमावर उभे असलेले वरचे नगर, आणि कामगारांची दिशाभूल करण्यासाठी त्यांच्या विश्वासातील मारियाचे रूप दिलेली यंत्रस्त्री, अशी या चित्रपटाची मांडणी आहे. यंत्र कोणाच्या हुकमतीत आहे, याविषयी प्रेक्षकाला संशय राहत नाही. शेवटी मात्र नगराचा धनी आणि मुकादम यांचे हात हाती दिले जातात, आणि त्यांच्यात मध्यस्थी करते ते हृदय! कामाच्या अटींत काय बदल झाला, हे कोणी विचारत नाही. श्रमाचा तंटा भावनेने मिटवण्याची ही युक्ती पुढील चित्रपटांनी आत्मसात केली, एवढेच नव्हे तर त्यांनी मूळ तंटाच कथेतून काढून टाकला.

'बायसेंटेनियल मॅन' (१९९९) हा क्रिस कोलंबस दिग्दर्शित चित्रपट याचे नमुनेदार उदाहरण ठरावा. आयझॅक असिमॉव्हच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात अँड्र्यू नावाचा रोबोट एका सुखवस्तू कुटुंबात घरकामासाठी आणला जातो आणि दोनशे वर्षांच्या आयुष्यानंतर मनुष्य म्हणून मान्यता पावतो. ही मान्यता त्याला कशाच्या बळावर मिळते? त्याला लाकडावर सुंदर कलाकुसर करता येते, म्हणून तो प्रथम वेगळा ठरतो. घड्याळे घडवून तो संपत्ती मिळवतो. पुढे तो प्रेम करतो आणि अखेरीस मरण पत्करतो. त्या घरात त्याने वर्षानुवर्षे जे राबणे राबले, ते त्याच्या दाव्यात पुरावा म्हणून कोठेही येत नाही. कलावंत, प्रियकर आणि मर्त्य या तीन पायऱ्या चढून तो माणूस होतो. चाकर म्हणून त्याची कोणतीच पात्रता नाही. याच चित्रपटात गॅलाटिया नावाची दुसरी एक यंत्रसेविका आहे. अखेरीस तिलाही माणसासारखे रूप मिळालेले असते, पण ती शुश्रूषेच्या कामावर असते, आणि अँड्र्यूच्या पत्नीने सांगितल्यावर तिचे जीवरक्षक उपकरण बंद करण्याचे कामही तिच्याच वाट्याला येते. नायकाच्या मुक्तीचा सोहळा चालू असताना त्याच खोलीत आज्ञापालन अखंड चालू राहते. करुणरसाने डोळे भरून आलेल्या समीक्षकाला ते दिसू नये, हे स्वाभाविकच आहे.

आपल्याकडील चित्रपटांत ही रीत आणखी उघडी पडते. शंकर दिग्दर्शित 'एंथिरन' (२०१०) मधील चिट्टी शास्त्रज्ञाच्या प्रेयसीच्या दिमतीला असतो, तोवर त्याचे कौतुक होते. तो तिच्यावर प्रेम करू लागताच त्याची जागा कचऱ्याच्या ढिगात ठरते. पुढे तो खलनायक होतो, शेवटी स्वतःच स्वतःचे अवयव सुटे करतो आणि संग्रहालयात जाऊन बसतो. चाकराने पायरी ओळखून राहावे, हा या कथेचा जुनाच बोध आहे. त्यावर धातूचा मुलामा तेवढा नवा. 'तेरी बातों में ऐसा उलझा जिया' (२०२४) या हिंदी चित्रपटात तर यंत्रस्त्री थेट सून होऊन घरात येते. ती आज्ञाधारक आहे, आणि घरच्यांना ती यंत्र असल्याचा पत्ता लागत नाही. प्रोग्राम केलेले यंत्र आणि आदर्श सून यांत एका भरल्या घराला फरक कळू नये, ही कल्पना भेदक आहे. परंतु चित्रपट तिचा विनोद करून मोकळा होतो, आणि पेचप्रसंग निर्माण होतो तो यंत्र बिघडल्यामुळे. १९७५ सालच्या 'द स्टेपफोर्ड वाइव्ह्ज' मध्ये नवरे आपल्या हयात बायकांच्या जागी आज्ञाधारक यंत्रस्त्रिया आणतात, तेव्हा ती भयकथा होते. तेच सूत्र सुमारे अर्ध्या शतकाने कौटुंबिक करमणूक व्हावे, याचा अन्वयार्थ लावण्याची जबाबदारी कोणाची?

येथे एक आक्षेप संभवतो. यंत्र राबत नाही, ते चालते. त्याचे शोषण होत नाही, सबब वेठीची भाषा त्याला लावणे हा अतिरेक होय. आक्षेप बरोबर आहे, पण तो आमच्या मुद्द्याला लागू पडत नाही. यंत्राला हक्क द्यावेत, असे येथे सुचवावयाचे नाही. चित्रपट यंत्राला घरातील ज्या जागी उभे करतो, ती जागा यंत्र येण्यापूर्वीच तयार असते, आणि तेथे आजवर कोणी ना कोणी हाडामांसाचे माणूस उभे होते. यंत्राच्या मनाची चिकित्सा जितकी सूक्ष्म होत जाते, तितके ते माणूस दृष्टीआड होते.

'अँड्रॉइड कुंजप्पन व्हर्जन ५.२५' (२०१९) हा मल्याळम चित्रपट या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. मुलगा रशियात नोकरीला, हेकट वृद्ध बाप केरळमधील खेड्यात, आणि त्याच्या स्वभावापुढे काळजी घेणारे कोणी टिकत नाही, म्हणून मुलगा घरी रोबोट आणतो. बाप आणि रोबोट यांच्यात जुळत गेलेला जिव्हाळा हा चित्रपटाचा गाभा आहे आणि तो प्रामाणिकपणे रंगवला आहे. तथापि पगारी माणसाला जो जिव्हाळा मिळाला नाही, तो यंत्राला का मिळतो, हा प्रश्न त्या जिव्हाळ्यातच दडलेला आहे. यंत्र पगार मागत नाही, रजा मागत नाही, उलट उत्तर देऊन काम सोडून जात नाही, हे त्याचे एक उत्तर असू शकते. आणखी एक गोष्ट. कुंजप्पनच्या त्या पोशाखात सूरज तेलक्काड हा ठेंगण्या बांध्याचा अभिनेता होता. पडद्यावर त्याचा चेहरा दिसत नाही. ज्या यंत्राच्या माणूसपणाची आपण चर्चा करतो, त्याच्या आत एक माणूस काम करीत होता. आज ज्यांना 'स्वयंचलित' म्हटले जाते अशा अनेक प्रणालींमागेही चित्रे निवडून त्यांना नावे देणारे, अल्प मोबदल्यावरचे हात असतात. पोशाख बदलला आहे, एवढेच.

आत्मकथने वाचताना हे काम कोणाच्या वाट्याला आले आणि का, असे विचारण्यास मराठी समीक्षा एकदा शिकली होती. दलित आणि स्त्रीवादी समीक्षेने तिला ते शिकवले. पडदा समोर आला आणि पडद्यावर धातू चमकला की तीच समीक्षा ते शिक्षण बाजूला ठेवून 'मानवोत्तर' जाणिवेच्या गोष्टी करू लागते, हे शोचनीय आहे. यंत्राला आत्मा आहे किंवा नाही, याचा निकाल सावकाश लागला तरी चालेल. तोवर प्रत्येक यंत्रमानवपटाला एक साधा प्रश्न विचारावा : या घरात हे काम काल कोण करीत होते, आणि ते माणूस आता कोठे आहे?