दार उघडे टाकून चोराला शिव्या

"आमच्या घरच्या बोलण्यात चोरण्यासारखे आहे तरी काय?" व्हिडिओ कॉलची लिंक चार ग्रुपवर टाकू नका असे सांगावे, तर हे उत्तर ठरलेले! आज आपली घरे अश्दोद, लोद, ठाणे, मुंबई अशी विखुरली आहेत. मेंदी असो, मलिदा असो, नाहीतर कोणाच्या मागची प्रार्थना असो, सारे पडद्यावर जमतात. लिंक मात्र हँडबिलासारखी वाटली जाते. मांडवात परका शिरला तर एखादी मावशी "आपण कोणाकडचे?" म्हणून विचारते तरी. पडद्यावर तेवढेही कोणी विचारीत नाही.

सिंगापूरची कडक शिस्त आपण नेहमी वाखाणतो. त्याच सिंगापुरात ८ एप्रिल २०२० रोजी, करोनामुळे शाळा घरून भरू लागल्या त्याच दिवशी, भूगोलाच्या तासात झूमवर परके पुरुष घुसले. बारातेरा वर्षांच्या मुलांना त्यांनी अश्लील चित्रे दाखविली, मुलींना उद्देशून घाणेरडे बोलले. शिक्षण मंत्रालयाने झूम थांबविले आणि काही दिवसांनी, जास्तीच्या कड्या घालून, पुन्हा सुरू केले. झूम कंपनी धुतल्या तांदळासारखी होती असे नव्हे. संभाषण पूर्ण गुप्त राहते ही तिची जाहिरात दिशाभूल करणारी होती, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याच वर्षी ठेवला. परंतु सारा दोष कंपनीच्या माथी मारून आपण मोकळे होतो, ते मला पटत नाही.

कारण पुढची गोष्ट मुलांची नाही, सेनाधिकाऱ्यांची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मन हवाई दलाचे ब्रिगेडियर जनरल फ्रांक ग्रेफे विमानांच्या प्रदर्शनासाठी सिंगापुरात होते. युक्रेनला टॉरस क्षेपणास्त्रे द्यावीत की कसे, यावर वेबेक्सवर बैठक झाली. ते हॉटेलातून तीत सामील झाले. १ मार्च रोजी रशियाच्या सरकारी वाहिनीच्या प्रमुखांनी त्या बैठकीचे ३८ मिनिटांचे ध्वनिमुद्रण जगासमोर ठेवले. कोणी कुठून आणि कोणत्या जोडणीने बैठकीत आले, याचा तपास झाला. सिंगापूरहून आलेली जोडणी परवानगी नसलेली होती, असे संरक्षणमंत्री पिस्टोरियस यांनी सांगितले. घराला दहा कुलपे घालावीत आणि एका भिडूने मागची खिडकी उघडी ठेवावी, तशातला हा प्रकार!

"आम्ही कुठे जनरल आहोत?" असे म्हणाल. ठीक. मग मार्च २०२५ पाहा. सिंगापुरातील एका कंपनीच्या वित्त संचालकाला झूमवर आपले वरिष्ठ दिसले, बोलले. त्याने ४ लाख ९९ हजार अमेरिकी डॉलर पाठवूनही दिले. ते चेहरे यंत्राने घडविलेले होते! पुन्हा मोठी रक्कम मागितली तेव्हा त्याला संशय आला. त्वरित तक्रार झाली म्हणूनच सिंगापूर व हाँगकाँगच्या पोलिसांना पैसे परत मिळविता आले. चोरण्यासारखे काय, याचे उत्तर इथे आहे. तुमच्या वडिलांचा चेहरा आणि आईचा आवाज.

आणखी एक खोड आपल्याकडे आहे. परका घुसला की लाजेने कॉल बंद करायचा, मेसेज पुसून टाकायचे, "झाले गेले विसरा" म्हणायचे. अहो, हा पुरावाच पुसणे झाले! कोण कोणत्या नावाने, किती वाजता आले आणि गेले याची नोंद बोलावणाऱ्याच्या खात्यात पुष्कळदा राहते. ती उतरवून ठेवा, पडद्याचे छायाचित्र घ्या, आलेले मेसेज तसेच राहू द्या आणि त्याच दिवशी तक्रार करा. महिन्याने शोधू म्हटले तर नोंद सापडेलच असे नाही.

मेळावे भरविणाऱ्यांना माझी स्पष्ट मागणी आहे. पुढच्या आमंत्रणावर लिंक छापू नका, फोन नंबर छापा. येणाऱ्याला आधी बाहेर थांबवून नाव विचारायला एक माणूस बसवा. पासवर्ड वेगळा कळवा. सगळे आले की आतून कडी घाला. उशिरा येणाऱ्या काकांना राग येईल. येऊ द्या, त्यांची समजूत मी घालीन.