फडातून घर दिसते, पण दार कुणाकुणाला उघडे?

दिवाळी आटोपली की धारूर तालुक्यातील कितीतरी घरे अर्धी रिकामी होतात. कर्ती माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे. अशा घराच्या ओसरीवर कॅमेरा असेल आणि फडात बसून मोबाइलवर ती ओसरी दिसत असेल, तर त्या सोयीला नावे ठेवायचे कारण नाही. बाजारपेठेतल्या दुकानदाराचेही तेच.

प्रश्न आहे तो हे चित्र फोनपर्यंत येते कसे, याचा. कॅमेरे बसवणारा सांगतो, ‘स्टॅटिक आयपी घ्या, पोर्ट ओपन करून देतो.’ आपण मान डोलावतो. माझे म्हणणे असे की या एका वाक्यावर सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

आधी मूळ गोष्ट. इंटरनेटचे जुने, अजूनही सर्रास चालणारे पत्ते सुमारे ४३० कोटी आहेत. जगाला ते पुरले नाहीत. मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११मध्ये वाटून संपले. म्हणून दुकानातला संगणक, फोन, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर यांना १९२.१६८ने सुरू होणारे घरगुती पत्ते मिळतात आणि बाहेर सगळ्यांचा मिळून एकच पत्ता दिसतो. आतून कुणी बाहेर गेले की फायरवॉल नोंद करते आणि आलेले उत्तर बरोबर त्याच यंत्राकडे पाठवते. बाहेरून मात्र कुणी आपणहून आले, तर त्याची नोंदच नसते. ते दारातूनच परत जाते. फडातल्या फोनला रेकॉर्डर दिसायचा, तर ‘असे कुणी आले की इकडे पाठव’ अशी कायमची नोंद करावी लागते. तिलाच स्टॅटिक ट्रान्सलेशन म्हणतात.

ही नोंद दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात बाहेरचा अख्खा पत्ता आतल्या एका यंत्राला जोडतात. त्या पत्त्याची सगळी, म्हणजे ६५ हजारांहून जास्त पोर्ट रेकॉर्डरकडे वळतात. दुसऱ्या प्रकारात पत्त्याचे एकच पोर्ट जोडतात, बाकीची बंद राहतात. धारूरच्या किल्ल्याला बाकी बाजूंनी दरी आणि जमिनीच्या बाजूला खंदक आहे, ते उगाच नाही. यायची वाट एक असली की पहारा देता येतो. तरीही पहिला प्रकार वापरला जातो, कारण तो दोन मिनिटांत होतो आणि कोणते पोर्ट लागते हे शोधत बसावे लागत नाही. माझ्या मते हा निव्वळ आळस आहे.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. पत्ता वळवणे आणि आत यायची परवानगी देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगल्या फायरवॉलमध्ये त्यांचे नियमही वेगळे लिहावे लागतात. चाचणीसाठी ‘सर्वांना, सर्व काही’ असा परवानगीचा नियम टाकतात, चित्र दिसते, चहा होतो, आणि तो नियम तसाच राहतो. म्हणून पहिला प्रश्न : परवानगी नेमकी कुणाला आणि कोणत्या पोर्टपुरती?

दुसरा प्रश्न पासवर्डचा. २०२५च्या सुरुवातीला राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील कॅमेऱ्यांची चित्रफीत बाहेर विकली गेल्याचे उघड झाले. महिला रुग्णांच्या तपासणीची ती दृश्ये होती. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातले तरुणही होते. त्याआधी २०१६मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, तेही मुख्यतः कंपनीने दिलेले पासवर्ड एकेक करून वापरून. उघडे पोर्ट शोधणारी यंत्रे रात्रंदिवस फिरत असतात. धारूर लहान गाव आहे, आपल्याकडे कोण बघतो, हे त्यांना कळत नाही. त्यांना फक्त पत्ता दिसतो. ५५४ऐवजी ५०५५४ असे पोर्ट ठेवले म्हणून फारसे काही वाचत नाही.

मग करायचे काय? पोर्ट उघडण्याऐवजी फायरवॉलवरच व्हीपीएन सुरू करावे, हे माझे मत. फोन आधी ओळख पटवतो, मगच रेकॉर्डरपर्यंत पोहोचतो. फोनचा पत्ता सतत बदलत असल्याने ‘फक्त याच पत्त्यावरून या’ हा नियम इथे चालत नाही, म्हणून व्हीपीएन. कंपनीच्या ॲपवरून क्यूआर कोड स्कॅन करून बघण्याची पद्धतही आहे. तिथे पोर्ट उघडावे लागत नाही, पण भरवसा त्या कंपनीच्या सर्व्हरवर टाकावा लागतो. पोर्टच उघडायचे असेल, तर एकच उघडा, रेकॉर्डरला आतला पत्ता कायमचा ठरवून द्या (तो बदलला की नोंद भलत्याच यंत्राकडे जाते), पासवर्ड बदला आणि राउटरमधले यूपीएनपी बंद करा, कारण ते न विचारता पोर्ट उघडते.

पैसे भरण्यापूर्वी राउटरवर बाहेरचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७च्या दरम्यान सुरू होत असेल, तर तो पत्ता तुमच्या एकट्याचा नाही. कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवले आहे आणि तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून काही येणार नाही.

इथल्या एका दुकानदार मित्राच्या फायरवॉलमध्ये मागच्या महिन्यात डोकावलो. रेकॉर्डरला अख्खा पत्ता जोडलेला, परवानगी सर्वांना, पासवर्ड बॉक्सवर छापलेला तोच. जोडणी काढून व्हीपीएन लावायला पाऊण तास लागला. चाचणी दुकानाच्या वायफायवर घेऊ नका, मोबाइल डेटावर घ्या, नाहीतर आतूनच आत बघून समाधान होते. मित्राने दुकानाबाहेर उभे राहून फोन लावून पाहिला. व्हीपीएन बंद असताना काहीच दिसले नाही. सुरू केल्यावर गल्ला दिसला, आणि गल्ल्यावर बसून पेंगणारा पुतण्याही.