कुटुंबाची सुरक्षितता कोणाच्या खर्चाने?

नालासोपारा पूर्वेला आचोळे येथील अग्रवाल नगरीतील ४१ इमारती मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या आरंभी पाडण्यात आल्या. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आणि क्षेपणभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर त्या उभ्या होत्या. सार्वजनिक कामासाठी राखलेली जमीन बळकावून केलेले बांधकाम टिकू देता येणार नाही, हा न्यायालयाचा निर्णय कायद्याच्या दृष्टीने निर्विवाद आहे. परंतु त्या इमारतींतून सुमारे अडीच हजार कुटुंबे बाहेर पडली, त्यांचे काय? एकाने जमीन लाटली, दुसऱ्याने अधिकाराच्या खुर्चीत बसून डोळेझाक केली आणि तिसऱ्याने आयुष्याची पुंजी मोजून खोली घेतली. या तिघांपैकी शिक्षा सर्वांत आधी आणि पुरतेपणी भोगावी लागली ती तिसऱ्याला.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये विरारच्या विजयनगरातील रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ माणसे मृत्युमुखी पडली. तीही इमारत अनधिकृतच होती, असे महापालिकेने सांगितले. २०२३ साली खोटी परवानगीपत्रे तयार करून इमारती उभारल्याची प्रकरणे पोलिसांनी उघडकीस आणली होती. या घटनांची चर्चा बहुधा भ्रष्टाचाराचा प्रश्न म्हणून होते. ती व्हावयासच हवी. मात्र अनधिकृत घराला गिऱ्हाईक का मिळते, हा प्रश्न विचारल्यावाचून या व्यवहाराचा अर्थ उलगडणार नाही.

वसई-विरार हे मुंबईने सामावून न घेतलेल्या कष्टकऱ्यांचे शहर आहे. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओस पडू लागले. मुंबईतील भाडी आणि पागड्या श्रमिकाच्या आवाक्याबाहेर गेल्या. रेल्वेचा पास परवडत होता म्हणून माणसे विरारच्या दिशेने सरकत राहिली. १९९० साली या भागासाठी सिडकोची नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. २००९ साली चार नगरपालिका आणि लगतची गावे एकत्र करून महापालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. नियोजनाचे अधिकार असलेल्या संस्था बदलल्या, परंतु कष्टकऱ्याला परवडेल असे अधिकृत घर त्यांपैकी कोणीही पुरेशा संख्येने उभारले नाही. जे सार्वजनिक संस्थेने करावयाचे ते बाजारावर सोडले आणि बाजाराने त्यातला सर्वांत गरीब भाग दलालाच्या हवाली केला. गाळ्यात बारा तास राबणाऱ्या कामगाराला आणि बोरिवलीपर्यंत घरकामाला जाणाऱ्या स्त्रीला तेथेच खोली मिळू शकत होती.

घराची जी कथा, तीच आजाराची, बेकारीची आणि वार्धक्याची. या चारही संकटांत कुटुंबाने आपली सोय आपण करावी, असे आजच्या धोरणाचे गृहीतक आहे. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने घर, विमा, शिकवणी आणि निवृत्तिवेतन विकत घ्यावे. ज्याच्याजवळ नाही त्याने कर्ज काढावे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता हे गृहीतकच सदोष आहे. मोठा आजार कोणत्या घरात येईल हे कोणालाच सांगता येत नाही, परंतु हजार घरांपैकी काही घरांत तो येणार हे निश्चित असते. म्हणून एकेकट्याने बाळगण्यास जो धोका असह्य, तोच हजारांनी वाटून घेतला तर माफक होतो. सुरक्षितता स्वस्त करण्याचा याहून खात्रीचा मार्ग अद्याप सापडलेला नाही.

वसई तालुक्याला या दोन्ही मार्गांचा अनुभव आहे. जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी आदिवासी तरुण सावकाराच्या घरी लग्नगडी म्हणून राबत असे. एक खर्च कुटुंबाच्या ताकदीबाहेर गेला की माणूसच गहाण पडे. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला, तरीही वसई तालुक्यात ती प्रत्यक्ष मोडून काढण्यासाठी १९८२ पासून श्रमजीवी संघटनेला झगडावे लागले. याच तालुक्यात १९१८ साली मॉन्सिन्योर मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक समाजाची सहकारी पतसंस्था स्थापन झाली आणि तिच्यातून पुढे बँक उभी राहिली. अडल्या माणसाला सावकाराच्या दारी जावे लागू नये, म्हणून शेजाऱ्यांनी आपली बचत एकत्र केली. सहकाराचे हे मोल निःसंशय मोठे आहे. तथापि ज्याच्या हाती बचतीपुरतेही उरत नाही, त्याच्यापर्यंत पतपेढी पोहोचू शकत नाही. तेथे राज्यसंस्थेनेच पुढे यावे लागते.

राज्यसंस्था पुढे आलीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेखाली स्त्रियांच्या खात्यात दरमहा १५०० रुपये जमा होऊ लागले. ज्या स्त्रीच्या हाती स्वतःच्या नावाचा पैसा कधी आला नव्हता, तिच्या दृष्टीने ही रक्कम क्षुल्लक नाही. तिची टिंगल करणारे सुखवस्तू टीकाकार समाजवाद्यांचे मित्र होऊ शकत नाहीत. आक्षेप आहे तो वेगळा. निवडणुकीच्या तोंडावर सुरू झालेली आणि निवडणुकीनंतर पडताळणीच्या चाळणीतून नावे गाळणारी योजना ही कृपा ठरते. तिच्या भरवशावर कुटुंबाला पुढच्या वर्षाचा बेत आखता येत नाही. शिवाय पाळणाघर नाही, सरकारी दवाखान्यात औषध नाही आणि भाड्याला मर्यादा नाही अशा ठिकाणी हे १५०० रुपये घरात येतात आणि त्याच महिन्यात घरमालक, औषधविक्रेता व शिकवणीवाला यांच्या गल्ल्यात जातात.

वृद्धांच्या बाबतीत तर शासनाचा हात अधिकच आखडलेला दिसतो. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये ठरला आणि पुढील दीड दशकात महागाई कितीही वाढली तरी साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धासाठी तो हलला नाही. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांतील साहाय्य राज्याने २०२३ साली दरमहा १५०० रुपये केले. परंतु त्यासाठी वार्षिक २१ हजार रुपये उत्पन्नाची मर्यादा दीर्घकाळ तशीच राहिली. म्हणजे दिवसाला ५८ रुपयांहून अधिक मिळविणारे कुटुंब शासनाच्या लेखी निराधार नव्हे! नालासोपाऱ्यात खोलीचे भाडे देणाऱ्या कोणत्या कुटुंबाला हा दाखला प्रामाणिकपणे मिळू शकेल? अशी अट गरिबाला खोटे बोलावयास लावते, दाखले मिळवून देणाऱ्या मध्यस्थांचा धंदा वाढविते आणि खऱ्या गरजूला दाराबाहेर ठेवते.

यावर उपाय शोधण्यासाठी परदेशाकडे पाहण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्रानेच देशाला दोन मार्ग दाखविले आहेत. पहिला रोजगार हमीचा. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवरील मजुरांची संख्या १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ ५० लाखांपर्यंत पोहोचली. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेला कायद्याचे बळ मिळाले आणि १९७७ साली संमत झालेला रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या योजनेसाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मुंबईतील पगारदार आणि व्यावसायिक यांनी कर द्यावा आणि त्यातून सोलापूर-सांगलीच्या कोरडवाहू मजुराला मागेल तेव्हा काम मिळावे, अशी ही वाटणी होती. मजुराने अर्ज केला की काम देणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. मेहेरबानीची भाषा तेथे संपली.

दुसरा मार्ग माथाडींचा. १९६९ च्या कायद्यापूर्वी हमालाला कायमचा मालक नव्हता आणि म्हणून कोणताच हक्क नव्हता. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीने तो कायदा घडवून आणला. शासन, मालक आणि कामगार यांचे त्रिपक्षीय मंडळ नेमण्यात आले. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावयाची आणि मंडळाने त्यातून वेतन, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा, बोनस व वैद्यकीय मदत यांची व्यवस्था करावयाची. मालक रोज बदलला तरी हक्क बदलत नाहीत, ही या रचनेची खुबी होय.

वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांना नेमकी हीच रचना लागू पडते. राज्य विमा योजनेसाठी दहा आणि भविष्यनिर्वाह निधीसाठी वीस कामगारांची मर्यादा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही कायम ठेवली. त्यामुळे पटावर नऊ नावे दाखविण्याचा मोह मालकाला होत राहणार. सर्व गाळ्यांवर वेतनाच्या प्रमाणात लेव्ही बसली, तर पटावरील संख्येला महत्त्वच उरत नाही. लहान कारखानदाराला हा बोजा पेलणार नाही, असे म्हटले जाईल. परंतु लेव्ही सर्वांनाच द्यावी लागली, तर कामगाराची सुरक्षितता बुडवून शेजाऱ्यापेक्षा स्वस्त माल विकण्याची स्पर्धाच बंद होते. घरकामगारांसाठी २००८ साली कायदा होऊन मंडळ झाले. माथाडी मंडळासारखी मालकाकडून लेव्ही घेऊन वेतनाची जबाबदारी पेलणारी यंत्रणा मात्र झाली नाही. ती गृहनिर्माण संस्थांच्या द्वारे उभी करता येईल.

रोजगाराची कायदेशीर हमी केंद्राने २००५ साली ग्रामीण भागाला दिली. शहर तीतून वगळले गेले. केरळने २०१० साली आणि राजस्थानने २०२२ साली शहरी रोजगाराच्या योजना सुरू केल्या. रोजगार हमीचे जन्मस्थान असलेला महाराष्ट्र येथे मागे राहिला. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचा लोहमार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा या शहरात कामांचा तुटवडा नाही हे सर्वांना दिसले. नाले आणि खाड्या मोकळ्या ठेवणे, पाळणाघरे चालविणे, वृद्धांची शुश्रूषा करणे ही कामे आहेत आणि ती करावयास हात आहेत.

घराच्या प्रश्नावर समाजवादी चळवळीजवळ स्वतःची कमाई आहे. मृणाल गोरे, प. बा. सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या वतीने गोरेगावात कमाल जमीनधारणा कायद्याखालील जमिनीसाठी लढा दिला आणि सामान्यांसाठी सुमारे सहा हजार घरे उभी केली. तो १९७६ चा कायदा महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला आणि ती वाट बुजविली. वसई-विरारमध्ये आता महापालिका व म्हाडा यांनी मालकीच्या घरांबरोबर भाड्याची सार्वजनिक घरे बांधावयास हवीत; कारण ज्याला घर घेणे परवडत नाही त्याला परवडणारे भाडे हाच खरा निवारा असतो. फसवणूक झालेल्या कुटुंबांचे पुनर्वसन करून त्याचा खर्च विकासकांच्या मालमत्तेतून वसूल करण्याची तरतूद कायद्यात असली पाहिजे.

आरोग्याचेही तसेच. महात्मा फुले जनआरोग्य योजना सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय २०२३ साली झाला, हे स्वागतार्ह होते. परंतु ती मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या ठरावीक उपचारांचा खर्च देते. मधुमेहाची रोजची गोळी आणि तपासणी यांचा भार कुटुंबावरच राहतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी आपल्या खिशातून केला. प्रभागातील महापालिका दवाखाना औषधांनिशी सायंकाळी उघडा राहिला, तर अनेक कर्जे मुळातच टळतील.

आता पैशाचा प्रश्न. व्यवसाय कराची घटनात्मक कमाल मर्यादा १९८८ साली वर्षाला २५०० रुपये ठरली आणि ती तेथेच राहिली. परिणामी गाळ्यातील पर्यवेक्षक आणि कंपनीचा संचालक जवळजवळ सारखाच कर भरतात. ही मर्यादा उठवून उत्पन्नानुसार चढते दर लावणे न्याय्य होईल. बांधकामखर्चावर किमान एक टक्का उपकर १९९६ पासून कायद्यात आहे, पण वसूल झालेली रक्कम पडून राहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाला २०१८ साली कठोर शब्दांत बोलावे लागले. पैसा नाही ही तक्रार म्हणूनच अर्धसत्य आहे. गोळा झालेला पैसा कष्टकऱ्यापर्यंत पोहोचविणारी आणि त्याला जबाबदार असणारी यंत्रणा नाही, हे उरलेले अर्धे सत्य. मंडळांतही बोगस नोंदण्या आणि दलाली शिरते. त्यावर मंडळ मोडणे हा उपाय नसून त्यात कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी बसविणे हा आहे.

कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे केवळ ठरावाचा विषय म्हणून पाहू नये. बांधकाम मजुराला नोंदणीसाठी ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. तो मिळवून देणे, प्रभागातील अधिकृत व अनधिकृत बांधकामांची यादी महापालिकेकडून मागून ती वस्तीत जाहीर लावणे, घरकामगार स्त्रियांची सभा रविवारी दुपारी त्यांच्या सोयीने घेणे, ही आजच हाती घेण्याची कामे आहेत. त्यांच्या जोडीला, सर्व वृद्धांना उत्पन्नाच्या दाखल्याविना किमान वेतनाच्या निम्म्याइतके निवृत्तिवेतन मिळावे, ही २०१२ पासून पेन्शन परिषदेने आणि बाबा आढाव यांनी लावून धरलेली मागणी वसई-विरारमध्ये घरोघर नेली पाहिजे.

महापालिकेच्या अर्थसंकल्पात रस्त्यासाठी किती रक्कम ठेवली हे नागरिक विचारतात. दवाखान्यातील औषधासाठी, पाळणाघरासाठी आणि भाड्याच्या घरांसाठी किती ठेवली, हे त्यांनी तितक्याच हक्काने विचारावयास लागणे, ही पक्षाच्या कामाची कसोटी होय.