होमली की होमी?

भाचीच्या स्थळाच्या माहितीत मी हौसेने 'होमली' लिहिले. अमेरिकेत वाढलेल्या मुलाने विचारले, "काका, ती दिसायला बरी नाही असं तुम्हीच का लिहिलंत?" तिकडे होमली म्हणजे रूपाने बेताची, घरगुती, उबदार ते होमी, आणि तेही बहुधा घराला, वातावरणाला. (ब्रिटिशांचे होमली मात्र साधे, घरच्यासारखे.) मंडळी हसली. मला हसू आले नाही. आपल्या जाहिरातीतला अर्थ यांपैकी कुठलाच नाही. तो जुना 'गृहकृत्यदक्ष'च, इंग्रजी पोशाखातला: शिकलेली हवी, पण उंबऱ्याआड राहणारी. भाची बँकेत अधिकारी आहे. तिला न विचारता हे लिहिणारा मी, जन्मभर मुलांना शब्दार्थ शिकवत आलो! आणि काय हो, मुलाच्या माहितीत कुणी 'होमली' लिहिलेले पाहिले आहे का?