घास भरवण्याचे शिक्षण

दीड वर्षाच्या मुलाला मांडीवर आडवे घेऊन आई पातळ वरण-भात भरवीत असते. दोन चमच्यांनंतर ठसका लागतो, अंग धनुष्यासारखे ताठ होते, डोळ्यांत पाणी येते. एका जेवणाला तास-सव्वा तास लागतो आणि निम्मे अन्न लाळेऱ्यावर सांडते. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ''मूल हट्टी आहे, जरा जोर करून भरव.'' तीन महिन्यांत दोनदा छातीत कफ साठून मुलाला रुग्णालयात ठेवावे लागलेले असते; पण त्या कफाचा आणि या भरवण्याचा काही संबंध असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नसते. तो संबंध पुष्कळदा प्रथम ओळखते ती बालविभागातील परिचारिका. ती लगेच उपदेश करीत नाही. ''ताई, तुम्ही घरी भरवता तसेच इथे भरवा, मी नुसती पाहते,'' एवढेच म्हणते.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूचा पक्षाघात. पक्षाघात हा शब्द आपल्याकडे आजोबा-आजींशी जोडलेला, म्हणून तान्ह्या बाळाच्या संदर्भात तो ऐकताच आईबापांच्या पायांखालची जमीन सरकते. लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी 1861 साली तेथील प्रसूतिशास्त्र संस्थेपुढे या विकाराचे सविस्तर वर्णन केले. पुढे कित्येक वर्षे तो त्यांच्याच नावाने ओळखला जाई. वाढत्या मेंदूला जन्मापूर्वी, जन्मावेळी किंवा त्यानंतरच्या पहिल्या काळात इजा होते. ती इजा पुढे वाढत नाही. परंतु मूल वाढते तसे आखडलेले स्नायू आणि सांधे त्रास देऊ लागतात. बऱ्याच मुलांच्या बाबतीत निश्चित कारण अखेरपर्यंत सापडत नाही. हे शेवटचे वाक्य आईला कुणीतरी शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगावे लागते. कारण ग्रहणात काय चिरले, सातव्या महिन्यात प्रवास का केला, याचे जाब तिला घरात आधीच विचारून झालेले असतात.

डॉक्टर निदान सांगतात, तेव्हा पहिल्या वाक्यानंतरचे पालकांना फारसे ऐकू येत नाही. त्यात डॉक्टरांचा दोष नाही. बाहेर साठ रुग्णांची रांग असते. मग परिचारिका त्यांना बाकावर बसवून विचारते, ''डॉक्टर काय म्हणाले, ते तुमच्या शब्दांत सांगा बरे.'' उत्तरातून कळते की, वडिलांना वाटते सहा महिन्यांच्या औषधाने मूल चालू लागेल आणि आईला वाटते ते फार दिवस जगणार नाही. दोन्ही समजुती दूर करायला एक बैठक पुरत नाही.

भरवण्याचे शिक्षण मात्र त्याच दिवशी सुरू करता येते. मुलाला आडवे ठेवायचे नाही. पाठीला आधार देऊन बसवायचे, कंबर आणि गुडघे वाकलेले, पाय टेकलेले, मान मागे न जाता हनुवटी किंचित खाली. मान मागे गेली की घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे वळण्याचा धोका वाढतो. छातीतील कफाचे मूळ बहुधा तेथेच असते. चमचा लहान आणि उथळ, समोरून आणायचा, वरून ओतायचा नाही. अनेक मुलांना पाण्यासारखे पातळ पदार्थ गिळणे सर्वांत कठीण जाते. त्यापेक्षा मऊ भात, घट्टसर पेज, नाचणीची खीर बरी. एक घास गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही आणि जेवणानंतर अर्धा तास मुलाला उठते बसते ठेवायचे. एवढे करूनही ठसका, ओलसर घरघर किंवा वजनातील घट थांबली नाही, तर गिळण्याच्या तपासणीसाठी तज्ज्ञाकडे जायचे.

सांगून झाले की परिचारिका चमचा आईच्या हाती देते आणि करून दाखवायला लावते. यातच तिचे खरे कसब आहे. आईचा हात थरथरतो, मूल ताठ होते, ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. पुढील भेटीला वडिलांनी यावे, असा आग्रहही परिचारिकाच धरते. आपल्याकडे बाप मुलाला उचलून आणतो, केसपेपर काढतो आणि दाराबाहेर उभा राहतो. आकडी आली तर मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये, घड्याळ पाहावे, पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीने रुग्णालय गाठावे आणि आकडीचे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये, हे दाराबाहेर उभ्या असलेल्याला कोण शिकवणार?

कागदपत्रांविषयी मात्र बहुतेक ठिकाणी कुणीच बोलत नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत या विकाराचा समावेश आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. जुन्या करप्रणालीत पालकाला उत्पन्नातून 75 हजार, तर 80 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास 1 लाख 25 हजार रुपयांची वजावट मिळते. प्रमाणपत्र वेळेवर काढले नाही, तर यांतले काहीच पदरी पडत नाही. एखादी जाणती परिचारिका औषधाच्या चिठ्ठीमागेच कार्यालयाचे नाव लिहून देते.

हे सारे करायला तिला वेळ कोठून मिळतो? इंजेक्शन दिले, सलाइन लावले, याची नोंद होते. आईला अर्धा तास शिकवले, याची नोंद बहुतेक ठिकाणी कोणत्याच रजिस्टरात नसते आणि ज्याची नोंद नाही, त्यासाठी मनुष्यबळही मंजूर होत नाही. शिकवणे हे कामच आहे, अशी स्वतंत्र जागा बालविभागात असायला हवी.

मुंबईत मिथू अलूर यांनी कन्या मालिनी हिच्या निमित्ताने 1972 साली अशा मुलांच्या शिक्षणाची संस्था उभारली. मालिनी छिब यांनी पुढे 'वन लिट्ल फिंगर' हे आत्मकथन लिहिले. ही गोष्ट ऐकली की पालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ''म्हणजे याला आमचे बोलणे समजते?'' परिचारिका म्हणते, ''समजते असे धरूनच बोला. भरवताना तर बोलाच.''

महिन्याभराने तीच आई येते. मूल कोपऱ्याच्या खुर्चीत टॉवेलच्या वळकट्यांचा आधार घेऊन बसलेले असते. खुर्ची आजोबांनी सुताराकडून करून घेतलेली. जेवण आता पस्तीस मिनिटांत होते, वजन तीनशे ग्रॅमने वाढले आहे. या वेळी चमचा वडिलांच्या हाती आहे आणि आजी शेजारून सांगते आहे, ''अरे, हनुवटी खाली, हनुवटी.''